अडाणी दांडी, हिशेबी पेटी

समजा, तुमची आत्या अमेरिकेत राहते. न्यू जर्सी राज्यात, एडिसन नावाच्या गावात. हो, विजेच्या दिव्यावाल्या एडिसनचंच नाव आहे ते! त्याची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा याच गावात होती. सुट्टीत तुम्ही आत्याकडे गेलात, टीव्हीसमोर फतकल मारून बसलात, आणि बघता तर काय, टीव्हीला केबल नाही. छतावर तबकडी नाही. इंटरनेटही जोडलेलं नाही. खिडकीच्या कट्ट्यावर फक्त एक छोटंसं प्लॅस्टिकचं बूड, आणि त्यातून वर आलेल्या दोन चकचकीत दांड्या. तिथून एक वायर टीव्हीच्या पाठीमागे गेलेली. बस्स.

"आत्या, याचे महिन्याला किती पैसे भरतेस?"

"शून्य."

"आणि चॅनेल किती दिसतात?"

"मोज की तूच!"

तुम्ही मोजायला लागता आणि हातापायाची बोटं संपतात. बातम्या आहेत, बेसबॉल आहे, जुने सिनेमे आहेत, मुलांसाठी पीबीएस किड्स आहे. चित्र तर इतकं लख्ख, की बातम्या देणाऱ्या काकांच्या शर्टाच्या रेघा मोजून घ्याव्यात. हे सगळं त्या दोन दांड्यांतून येतं? मग त्या दांड्या भलत्याच हुशार असणार!

छे! त्या अगदी अडाणी आहेत. हुशारी सगळी दुसरीकडेच आहे. कुठे, ते शोधायला आधी जरा न्यूयॉर्कला जाऊन येऊ.

मनोऱ्यापासून खिडकीपर्यंत

एडिसनपासून सरळ रेषेत साधारण ४० किलोमीटरवर न्यूयॉर्कच्या दोन प्रसिद्ध उंच इमारती आहेत. एक एम्पायर स्टेट बिल्डिंग, १९३१ साली बांधून झालेली. टोकावरच्या अँटेनासकट तिची उंची ४४३ मीटर. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिच्या माथ्यावरून टीव्हीचं प्रायोगिक प्रक्षेपण सुरूही झालं होतं. दुसरी इमारत वन वर्ल्ड ट्रेड सेंटर, उंची ५४१ मीटर. न्यूयॉर्कची मोठी टीव्ही केंद्रं या दोन इमारतींच्या माथ्यावरून आपले कार्यक्रम चारी दिशांना सोडतात.

एवढ्या उंचावरून कशाला? कारण टीव्हीच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि आपली पृथ्वी आहे गोल. तळमजल्यावरून सोडलेली लहर थोड्याच अंतरावर घरं, झाडं आणि जमिनीचा फुगवटा यांना अडते. ५४१ मीटरवरून सोडली, तर मधे डोंगर नसताना ती ९० किलोमीटरच्याही पुढे पोचते.

या लहरी प्रकाशाच्या वेगाने धावतात, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. म्हणजे न्यूयॉर्कहून एडिसनला यायला त्यांना सेकंदाचा साडेसात हजारावा भाग पुरतो. आल्यावर त्या काही फक्त आत्याच्या खिडकीशी थांबत नाहीत. शेजारच्या घरात जातात, स्वयंपाकघरात जातात, सोफ्याखाली जातात, तुमच्या अंगातूनही आरपार जातात. आत्याने टीव्ही बंद केला तरी बेसबॉलची मॅच खोलीभर भरलेलीच असते. फक्त ती बघायला आपले डोळे उपयोगाचे नाहीत. तिथे धातूची दांडी लागते.

दांडी करते तरी काय?

धातूच्या दांडीत कोट्यवधी कोटी इलेक्ट्रॉन मोकळे फिरत असतात. लहर आली की ती त्यांना एकदा इकडे ढकलते, एकदा तिकडे. लहर ५०० मेगाहर्ट्झची असेल, तर हे इकडे-तिकडे सेकंदाला ५० कोटी वेळा होतं! इलेक्ट्रॉनांची ही धावपळ म्हणजेच दांडीत तयार झालेली इवलीशी वीज. इवलीशी म्हणजे किती? घड्याळात घालतो तो पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो. त्याचा साठ हजारावा भाग दांडीत मिळाला, तरी चांगल्या टीव्हीचं भागतं.

आता झोपाळा आठवा. झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला कसंही ढकललं तर तो नुसता डुगडुगतो. पण त्याच्या लयीत, बरोबर वेळेला बोटाने ढकललं, तरी झोका उंच चढतो. दांडीतल्या इलेक्ट्रॉनांचंही तसंच. दांडीची लांबी लहरीच्या लांबीच्या निम्मी असली, की लहरीचा प्रत्येक धक्का बरोबर वेळेवर बसतो आणि वीज जास्तीत जास्त मिळते.

लहरीची लांबी काढणं अगदी सोपं. ३०० ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागा, उत्तर मीटरमध्ये येतं.

न्यूयॉर्कचं एक मोठं केंद्र ७ नंबरच्या चॅनेलवर आहे, म्हणजे साधारण १७७ मेगाहर्ट्झवर. ३०० भागिले १७७ म्हणजे सुमारे १.७ मीटर. त्याच्या निम्मे ८५ सेंटिमीटर. दोन दांड्यांत वाटले, तर प्रत्येकीच्या वाट्याला ४२-४३ सेंटिमीटर. आत्याच्या अँटेनाच्या दांड्या ओढून लांब करता येतात त्या यासाठीच.

बाकीची बरीच केंद्रं ५०० मेगाहर्ट्झच्या आगेमागे असतात. तिथे लहर ६० सेंटिमीटरची आणि निम्मी ३० सेंटिमीटरची. म्हणजे तुमची शाळेतली मोठी पट्टी! म्हणूनच या चॅनेलांसाठीचा अँटेना एखाद्या वहीएवढ्या पातळ चौकोनात मावतो आणि खिडकीच्या काचेला चिकटवता येतो.

ही दांडी कोणाच्या डोक्यातून निघाली माहीत आहे? जर्मनीतल्या कार्ल्सरूऽ शहरात हाइनरिश हर्ट्झ नावाचे तरुण प्राध्यापक होते. १८८७ च्या सुमारास त्यांनी खोलीच्या एका टोकाला विजेची ठिणगी पाडली. दुसऱ्या टोकाला तारेचं एक कडं धरलं होतं, त्यात बारीकशी फट ठेवलेली. मधे कुठलीही तार नाही, तरी त्या फटीत एक चिमुकली ठिणगी उडाली! ती इतकी मंद होती की बघायला खोलीत अंधार करावा लागायचा. त्यांचंच नाव आज आपण मेगाहर्ट्झमध्ये घेतो. आत्याच्या खिडकीतल्या दांड्या म्हणजे त्या कड्याचीच नातवंडं. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, काम तेच आहे.

म्हणून दुकानात खोक्यावर 'फोर-के अँटेना', 'डिजिटल अँटेना' असं झगमगीत छापलेलं दिसलं तर हसू आलं पाहिजे तुम्हाला. दांडीला चित्र कळत नाही, डिजिटल कळत नाही, बेसबॉल कळत नाही. योग्य लांबीची असली, तर पन्नास वर्षांपूर्वीची दांडीही आजचं डिजिटल चित्र पकडते. तिच्यात तर सगळंच एकदम शिरतं. सगळी टीव्ही केंद्रं, एफएम रेडिओ, मोबाइल, शेजारच्या मिक्सरची खरखर, सगळ्याची मिसळ. ही मिसळ वायरीतून टीव्हीत जाते आणि मग खरी गंमत सुरू होते.

मुंग्या कुठे गेल्या?

घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, "टीव्हीवर मुंग्या यायच्या म्हणजे काय?" लगेच चेहरे खुलतील. पूर्वी लहर कमजोर झाली की चित्रावर काळे-पांढरे ठिपके वळवळायला लागायचे. लहर एखाद्या इमारतीवर आपटून थोडी उशिरा आली, तर प्रत्येक माणसाशेजारी त्याचं भूत उभं राहायचं. तरी चित्र दिसत राहायचं. लहर जितकी कमजोर तितक्या मुंग्या जास्त, असा साधा व्यवहार होता.

अमेरिकेतल्या मोठ्या टीव्ही केंद्रांनी १२ जून २००९ रोजी ही जुनी पद्धत बंद केली आणि सगळा कारभार डिजिटल केला. ज्यांच्याकडे जुने टीव्ही होते, त्यांना वर लावायची पेटी घेता यावी म्हणून तिथल्या सरकारने ४० डॉलरची कुपनं वाटली होती, घरटी दोनपर्यंत. आता हवेतून चित्र येत नाही, आकडे येतात. नुसते शून्य आणि एक.

पण आकडे पाठवायचे तर ते किती होतील? करा हिशेब. एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. गुणाकार केला की २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला २४ शून्य-एक. अशी चित्रं सेकंदाला ३०. एकूण होतात सेकंदाला सुमारे १४९ कोटी शून्य-एक! आणि तिथल्या एका चॅनेलच्या जागेतून सेकंदाला जातात फक्त १ कोटी ९४ लाख. म्हणजे पंचाहत्तर पोत्यांहून जास्त माल एका पोत्यात कोंबायचा.

कोंबतात कसा? फक्त नवीन काय घडलं तेवढंच सांगून. बातम्या देणाऱ्या काकांच्या मागची भिंत हलत नाही. मग ती दर वेळी कशाला पाठवायची? "भिंत मघाचीच" एवढं कळवलं की झालं. काकांचे ओठ हलले, तेवढे पाठवले. यासाठी चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे छोटे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनाचा वेगळा हिशेब ठेवतात. यातून इतकी जागा वाचते, की एकाच चॅनेलच्या जागेत १३.१, १३.२, १३.३ असे दोन-तीन कार्यक्रम शेजारी-शेजारी बसतात. डिजिटल चित्र बिघडलं की त्याचे चौकोनी तुकडे का होतात, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. त्या चौकोनांचे आकडे वाटेत हरवलेले असतात.

चुका दुरुस्त करणारे आकडे

मिक्सर, लिफ्टची मोटर, वरून जाणारं विमान, सगळे मिळून वाटेत काही आकडे बिघडवतातच. तरी चित्र लख्ख कसं? इथे टीव्ही नावाच्या पेटीची हुशारी बघा. वही-पेन्सिल घ्या, आपण स्वतःच करू.

मला तुम्हाला ६, ९, ४ हे तीन आकडे पाठवायचे आहेत. मी सोबत दोन आकडे जादा पाठवतो. पहिला जादा आकडा म्हणजे साधी बेरीज: ६ + ९ + ४ = १९. दुसरा म्हणजे क्रमांकाने गुणून केलेली बेरीज: पहिला एकपट, दुसरा दुप्पट, तिसरा तिप्पट. ६ + १८ + १२ = ३६.

वाटेत मिक्सर लागला आणि तुमच्याकडे आलं ६, ७, ४. जादा आकडे १९ आणि ३६ मात्र नीट पोचले. तुम्ही बेरीज केली, आले १७. म्हणजे २ कमी. दुसरी बेरीज केली: ६ + १४ + १२ = ३२. म्हणजे ४ कमी. आता ४ ला २ ने भागा. उत्तर २. चूक दुसऱ्या आकड्यात आहे! आणि ती २ ची आहे. म्हणून ७ खोडा, ९ लिहा. मला काही न विचारता तुम्ही माझी चिठ्ठी दुरुस्त केलीत!

एका चुकीसाठी दोन जादा आकडे लागले, एक चूक केवढी ते सांगायला आणि एक ती कुठे आहे ते शोधायला. आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोन अमेरिकन गणितज्ञांनी १९६० साली याच जातीची, पण कितीतरी ताकदवान युक्ती शोधली. आत्याच्या टीव्हीत तीच वापरतात. आकड्यांची पाकिटं येतात, सेकंदाला जवळजवळ १३ हजार. प्रत्येक पाकिटात १८७ आकडे कामाचे आणि २० जादा. २० जादा म्हणजे चुका किती दुरुस्त होतील? बरोबर, १०! शिवाय पाठवण्याआधी पाकिटांतले आकडे ५२ पाकिटांत विखरून टाकतात. मिक्सरने एकाच जागी मोठा घोळ घातला, तरी प्रत्येक पाकिटाच्या वाट्याला थोड्याच चुका येतात.

दहा चुका झाल्या तरी चित्र असं, की काही झालंच नाही. अकरावी झाली की संपलं, ते पाकीट वाया. म्हणून डिजिटल टीव्हीत मुंग्या येत नाहीत. लहर कमजोर होत जाते, होत जाते, आणि चित्र मात्र लख्खच राहतं. मग एकाएकी चौकोन उडतात आणि पडदा काळा. हाताने दांडी दोन बोटं सरकवली की पुन्हा लख्ख! या दोन बोटांत फरक असतो दहा चुकांचा आणि अकरा चुकांचा.

भाजीवाल्या मावशींच्या गाडीवरचा क्यूआर कोड कोपऱ्यात फाटलेला असतो, वर कोथिंबिरीचं पाणी उडालेलं असतं, तरी पैसे जातात ना? तिथेही हेच रीड-सॉलोमनचं गणित आहे.

आत्याला दोन-चार सल्ले

एवढं कळल्यावर तुम्ही आत्याला शहाणपण शिकवू शकता. अँटेना टीव्हीच्या पाठीमागे लपवू नकोस, तिथे धातूही आहे आणि खरखरही. वरच्या मजल्यावर, न्यूयॉर्कच्या बाजूच्या खिडकीत ठेव. दांड्या आडव्या पसर, कारण तिथे टीव्हीच्या लहरींचं हेलकावणं प्रामुख्याने आडवं असतं. दांडीचं टोक मनोऱ्याकडे रोखू नकोस. टोकाच्या दिशेने आलेली लहर दांडीला जवळजवळ समजतच नाही, कूस मनोऱ्याकडे हवी. भिंतीत जाळी किंवा चंदेरी पत्रा असेल तर त्या भिंतीपासून दूर. आणि जागा बदललीस की रिमोटवरून चॅनेल पुन्हा शोधून घे.

लहर मोठी करणारा अँप्लिफायर आणू का, असं ती विचारेल. सांगा, लांब वायरीत लहर क्षीण होत असेल तर उपयोग होईल. पण मुळात दांडीतच खरखर जास्त शिरत असेल, तर अँप्लिफायर खरखरही तेवढीच मोठी करतो.

आपल्या गच्चीवरची माशाची हाडं

आपल्याकडे मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शन सुरू झालं. वरळीला सुमारे ३०० मीटर उंच मनोरा उभा राहिला. पुणेकरांसाठी सिंहगडावर मनोरा आला, तो गडावर गेलेल्या प्रत्येकाने पाहिलाय. मनोरा दूर, म्हणून घराघराच्या गच्चीवर माशाच्या सांगाड्यासारखा दिसणारा अँटेना लागायचा. दूरदर्शनच्या खालच्या चॅनेलांची लहर ६०-७० मेगाहर्ट्झची, म्हणजे साडेचार-पाच मीटर लांब. आता कळलं, ते अँटेने सव्वादोन-अडीच मीटर रुंद का असायचे!

त्या सांगाड्याची एक मजा आहे. त्यातल्या अनेक दांड्यांपैकी वायर जोडलेली असते फक्त एकीला. बाकीच्या नुसत्याच बसलेल्या! पण मागची जराशी लांब दांडी लहर उलटी पुढे फेकते आणि पुढच्या जराशा आखूड दांड्या तिला वायरीच्या दांडीकडे वळवतात. जपानमधल्या सेंदाई शहरात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ मध्ये ही रचना शोधली. जपानमध्ये तेव्हा कोणी फारसं लक्ष दिलं नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, जपानी सैन्याने सिंगापूर जिंकलं. तिथे एका ब्रिटिश सैनिकाची रडारची टिपणवही त्यांच्या हाती लागली. वहीत जिथे-तिथे 'यागी', 'यागी'. ही कुठली गुप्त भानगड? शेवटी त्या युद्धकैद्यालाच विचारलं. तो म्हणाला, हे तर तुमच्याच प्राध्यापकांचं नाव! उदांचं आणि आपलंही एक नातं आहे. १९५० च्या दशकात ते युनेस्कोतर्फे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत काम करायला आले होते.

आज आपल्याकडे फुकटचे चॅनेल म्हटलं की लोकांना आठवते ती डीडी फ्री डिशची तबकडी. तिथे लहर येते ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडून, फारच क्षीण होऊन. म्हणून ती मोठ्या तबकडीत गोळा करावी लागते. चाळीस किलोमीटरवरच्या मनोऱ्यासाठी दांडी चालते, छत्तीस हजारांसाठी नाही.

करून पाहा

घरात एफएम रेडिओ असेल तर अडाणी दांडीशी खेळायला अमेरिकेला जायची गरज नाही. रेडिओ नसेल, तर एफएमची सोय असलेला साधा मोबाइल घ्या. त्याला इअरफोन जोडल्याशिवाय एफएम बहुधा लागत नाही, कारण इअरफोनची वायर हाच त्याचा अँटेना.

१) दांडी पूर्ण आत सारून एखादं दूरचं स्टेशन लावा. मग दांडी हळूहळू बाहेर काढा. आवाज कुठे स्वच्छ होतो?

२) दांडी उभी, आडवी, तिरकी धरा. मग खिडकीत, मग खोलीच्या मधोमध. कुठे जास्त खरखर?

३) रेडिओ स्टीलच्या मोठ्या पातेल्यात ठेवून वर झाकण ठेवा. कान लावून ऐका, गाणं दबतंय की खरखर वाढतेय?

४) पुण्याची आकाशवाणी एफएमवर १०१ मेगाहर्ट्झवर लागते. तुमच्या गावच्या स्टेशनचा आकडा घेऊन ३०० ला त्याने भागा. जी लहर येईल तिचा पाव भाग काढा. अशा एकट्या दांडीला पाव भाग पुरतो, कारण दुसऱ्या बाजूचं काम रेडिओची आतली सर्किटपाटी आणि तुमचा हात मिळून करतात. आता टेपने रेडिओची दांडी मोजा. ती त्या पाव भागाच्या (पुण्यासाठी ७४-७५ सेंटिमीटरच्या) जवळ आली, तर रेडिओ बनवणाऱ्याने गणित नीट केलंय. खूपच आखूड निघाली, तर त्याने तो खिशात मावावा म्हणून तडजोड केलीय. आता शेजाऱ्यांचाही रेडिओ मागून आणा आणि कोणाची दांडी गणितात पास होते ते बघा!